सगळं जगच उतरलंय

भिंगरीला भिंगरी उगाच नाही म्हणत. ती बसली तरी तिचा एक पाय उभाच असतो. चहा पिताना खोलीभर फिरते, दात घासताना जिन्यात जाऊन येते, आणि फोनवर बोलायला लागली की चार गल्ल्या पालथ्या घालून शेवटी फोनवरच्यालाच विचारते, "अगं, मी कुठे आले गं ही?" अशा पोरीला त्या दिवसांत कुणी बघितलं असतं ना, तर वाटलं असतं हिला कुणीतरी शिक्षा केलीये. रोज संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून उभी! हात मागे बांधलेले, नाक भिंतीला टेकायच्या बेतात, आणि मागे तिचे बाबा पियानोच्या पट्टीवर एक बोट ठेवून बसलेले.

टण्ण.

"कोण?"

"ग."

"बघ हं."

"ग! ग! नाही, थांबा. म. नाही, गच."

"एक काय ते ठरव. हा काय भाजीचा बाजार आहे, जरा कमी करा, जरा वाढवा?"

"ग."

"म होता," बाबा म्हणायचे. भिंगरी भिंतीवर डोकं आपटायची, आणि आतल्या खोलीतून आई ओरडायची, "भिंत पडली तर लावायला कुणाला बोलवायचं ते आधी ठरवा!"

आता हे सगळं कशासाठी, तर ऐका.

बाबांचं काम म्हणजे पियानो लावायचं. वाजवायचं नाही हं, लावायचं. पियानोच्या पोटात तारांचं जंगल असतं. खालचे जाड सूर सोडले तर एकेका सुराला तीन-तीन तारा. हवा बदलली, खोली तापली, कुणी खिडकी उघडी टाकली, की बाईसाहेब लगेच रुसून बसतात, सुरावरून उतरतात. मग बाबा जातात, तीनपैकी दोन तारांत रबराची पाचर घालून त्यांना गप्प करतात, तिसरीच्या खुंटीवर पाना बसवतात, नखभर पिळतात, आणि तार जागेवर. एक शाळा, काही क्लास, थोडी मोठी घरं, आणि सगळ्यांच्या वर म्हणजे हॉल. बाहेरगावचे मोठे वाजवणारे तिथे येतात. बाबांचं नाव म्हणजे तो हॉल. "हॉलचा पियानो हे लावतात," एवढं सांगितलं की पुढे कुणी काही विचारत नसे.

आणि त्याच हॉलमधून तक्रार आली. पाहुण्या वाजवणाऱ्यानं जाता जाता मॅनेजरला सांगितलं, वरचा भाग काही बरोबर नव्हता. मॅनेजर माणूस वाईट नाही. त्यानं बाबांना चहा पाजला आणि मग हळूच म्हणाला, "मास्तर, तुम्ही आपले जुने. पण परत असं झालं तर मला त्या मशीनवर सूर बघून लावणाऱ्याला बोलवावं लागेल. मलाही वर उत्तर द्यावं लागतं."

बाबांनी घरी येऊन हे असं सांगितलं, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट आहे. "लोकांना हल्ली काही कळत नाही," म्हणाले आणि आंघोळीला गेले.

पण घरात सगळ्यांना कळत होतं. त्याच्या थोडं आधी बाबांना ताप आला होता. आईनं थर्मामीटर तोंडात दिला आणि ती दूध बघायला गेली. थर्मामीटर पीप-पीप करतोय, पीप-पीप करतोय, बाबा आपले तोंडात धरून शांत बसलेत, ताप कधी एकदा भरतोय याची वाट बघत. ओरडून ओरडून तो बिचारा थर्मामीटर गप्प झाला. भिंगरी दारात उभी राहून बघत होती. आईही मागून बघत होती. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि आईनं येऊन थर्मामीटर काढून घेतला. मग एकदा गॅलरीत बसून बाबा म्हणाले, "चिमण्या कुठे गेल्या गं सगळ्या?" आणि त्यांच्या डोक्यावर वळचणीत चिमण्यांची नुसती यादवी माजलेली!

तसे बाबांचे कान तिखट. जिन्यात कोण चढतंय ते पावलांवरून सांगतील. दोन गल्ल्यांपलीकडची बस ओळखतील. फक्त वरचं, बारीक, टोकाचं गेलं होतं. आणि पियानो लावणाऱ्याचं वरचं जाणं म्हणजे शिंप्याला सुईचं भोक न दिसणं.

शेवटी भिंगरीच एक दिवस म्हणाली, "बाबा, मला शिकवा ना. दुकानातल्या कामाचा कंटाळा येतो." बाबांनी तिच्याकडे बघितलं. ती का म्हणतेय ते त्यांना कळलं, त्यांना कळलं हे तिलाही कळलं. बाबा एवढंच म्हणाले, "भिंतीकडे तोंड कर. बोट बघून ओळखायचं नाही."

आधी खालचे आणि मधले सूर शिकली. तिथे बाबा म्हणजे राजा. त्यांनी तिला तारांचं भांडण ऐकायला शिकवलं. म्हणजे कसं, दोन सूर जवळजवळ जुळले पण अगदी जुळले नाहीत, की त्यांच्यात एक हेलकावा येतो, वँव वँव वँव. "भांडतायत बघ," बाबा म्हणायचे. "आता पिळतो. ऐक. भांडण मंदावलं? आता दमले. आता एकमेकींकडे नुसत्या बघतायत. आणि आता...?"

"गप्प झाल्या!"

"बस्स. तिथे थांबायचं. त्याच्या पुढे एक केस नाही."

भिंगरीला हे इतकं आवडलं की ती दोन माणसं भांडताना दिसली तरी खुंटी कुठे आहे ते शोधायला लागली.

"आणि अगदी वर?" तिनं एकदा विचारलं. "टोकाच्या पट्ट्यांना पण असंच?"

बाबांनी टोकाच्या दोन पट्ट्या एकदम दाबल्या, कान दिला, जरा वेळ थांबले. "नाही," म्हणाले. "वर भांडण नसतं. वर सूर लक्षात ठेवावा लागतो. भिंतीकडे वळ."

त्यांना तिथे काही ऐकूच आलं नव्हतं, म्हणून भांडण नव्हतं. आणि बाबा म्हणतात म्हणजे नसणारच, म्हणून भिंगरी भिंतीकडे वळली.

मग ती ते वरचे सूर घोकायला लागली. घोकायला म्हणजे अक्षरशः! तिनं एकेकाला माणूस करून टाकलं. हा वरचा रे म्हणजे शेजारची आजी, काहीतरी मागायला आलेली पण सांगत नाहीये. हा प म्हणजे नव्यानं नोकरीला लागलेला, छाती काढून उभा. आणि एकदम टोकाचा सा म्हणजे डोळ्यात साबण गेलेलं पोर. तासन् तास. आणि दर रविवारी बाबा घरचा पियानो लावायचे, वर आले की म्हणायचे, "वरच्यांना जरा चमक हवी. मळकट वाटतायत," आणि किंचित, अगदी किंचित, पिळून चढवायचे. भिंगरी ती नवी चमक परत पाठ करायची.

एक दिवस तिला सगळे आले. बाबा वाजवतायत आणि ही धडाधड सांगतेय, एकही चूक नाही. बाबांनी पट्ट्यांवरचं बोट काढलं आणि आईला हाक मारली, "ऐकलंस का? हिचे कान नाहीत, तराजू आहेत!"

आई म्हणाली, "मग त्या तराजूला सांग, मघापासून तिला दळण आणायला सांगतेय ते पण जरा तोल."

हॉलमध्ये मॅनेजरसमोर "बाबा, चढवा", "बाबा, उतरवा" असं ओरडणं तर शक्य नव्हतं. मग दोघांनी एक खूण ठरवली. पट्ट्या पुसायचं फडकं भिंगरीकडे. फडकं उजव्या खांद्यावर, म्हणजे चढवा. डाव्या खांद्यावर, म्हणजे उतरवा. गळ्यात टाकलं, म्हणजे बस्स. ही तशीही सारखी चुळबुळ करते, हिच्या फडक्याकडे कोण बघतंय! घरी सराव चालला तेव्हा आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "पियानो पुसतेस की खांदे?"

इथपर्यंत ठीक. पण इथूनच भिंगरीचं जगाशी बिनसायला लागलं.

दिवसा ती चष्म्याच्या दुकानात काम करते. दुकानाच्या दाराला एक घंटी आहे, दार उघडलं की चढत जाणारे सूर वाजवते, टिंग टिंग टिंग टिंग. इतके दिवस तिनं कधी लक्ष दिलं नव्हतं. आता एक गिऱ्हाईक आत आलं आणि भिंगरीनं तोंड वाकडं केलं. शेवटचा टिंग उतरलेला! खालचे ठीक, वर जाता जाता ढेपाळलेला. दिवसभरात किती गिऱ्हाइकं येतात! प्रत्येक वेळी हिचे दात शिवशिवायचे.

"काका, ती घंटी बदला."

चष्मेवाले काका भिंगातून काच बघत होते, तसंच वर बघितलं, एक डोळा बशीएवढा. "का? वाजत नाही?"

"वाजते. पण शेवटचा सूर उतरलाय."

"मग तो परत चढेपर्यंत दार उघडंच ठेवू का?"

घरी ताईची लेक आली, तिच्याकडे बोटांनी वाजवायचा एक छोटा बाजा. खालचे सूर छान, वरचे उतरलेले. भिंगरीनं तो काढून घेतला, पोरीनं भोकाड पसरलं, आणि भिंगरी म्हणाली, "बघा, ही रडते ती पण उतरलेलीच!" आईच्या फोनची धून, वर गेली की उतरलेली. बँकेतली, नंबर आला की वाजणारी, तीही. बसमध्ये, लिफ्टमध्ये, दातांच्या डॉक्टरकडे, जिथे जावं तिथे वरचा सूर ढेपाळलेला. तिला झोप लागेना, जेवण जाईना. एका जागी पाय ठरत नव्हतेच, आता एका जागी कानही ठरेनात. "सगळं जगच उतरलंय," ती घरात येऊन पियानोचा टोकाचा सा वाजवायची, "हा एकच बरोबर आहे," आणि मग कुठे तिच्या जिवात जीव यायचा.

तिनं एकदा फोनमध्ये सूर मोजायचं ॲपसुद्धा उतरवून घेतलं. बाबांना असल्या गोष्टींचा राग. "मशीनला विचारून लावायचं तर मी कशाला? माझ्याऐवजी एक स्टूल पाठव." तरी तिनं फोन पियानोवर ठेवला आणि टोकाचा सा वाजवला. काटा सरळ उजवीकडे जाऊन लाल! चढलाय म्हणे! बाप-लेकीनं एकमेकांकडे बघितलं आणि दोघं हसत सुटले. "त्याच्या कानात मळ झालाय," बाबा म्हणाले, आणि भिंगरीनं ते ॲप काढून टाकलं.

हॉलचा दिवस जवळ आला. आदल्या दिवशी दुकानात एक गृहस्थ तावातावानं शिरले. घंटी वाजली, भिंगरी कळवळली, आणि ते म्हणाले, "काय चष्मा दिलाय हा! रस्त्यावरचे सगळे खांब वाकडे दिसतात! माझ्या घराचं दार वाकडं दिसतं! बायको वाकडी दिसते!"

काकांनी चष्मा काढून घेतला, उलटासुलटा बघितला. "तुम्ही यावर बसला होतात का?"

"मी कशाला बसेन?"

"मग दुसरं कुणी बसलं असेल. फ्रेम पिळलीये. एवढे सगळे खांब एका दिवसात कसे वाकतील हो? कधीतरी असंही म्हणावं, की एकच गोष्ट वाकडी असेल, आणि ती आपल्या नाकावर असेल."

भिंगरी इतकी हसली, इतकी हसली, की तिला मागच्या खोलीत जाऊन पाणी प्यावं लागलं. घरी जाऊन तिनं आईला नक्कल करून दाखवली, "बायको वाकडी दिसते!"

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं हॉलवर गेले. कार्यक्रम संध्याकाळी. रिकामा हॉल, रिकाम्या खुर्च्या, स्टेजवर तो लांबलचक काळा पियानो झाकण उघडून जबडा वासल्यासारखा. मॅनेजर कोपऱ्यात फोनवर, पण डोळे इकडेच. भिंगरी स्टेजवर इकडून तिकडे, तिकडून इकडे. बाबा हळूच म्हणाले, "एका जागी उभी राहिलीस तर फडकं दिसेल मला."

खालचं, मधलं बाबांनी एकट्यानं लावलं. बघत राहावं असं. पाना खुंटीवर बसतो, मनगट हलतं की नाही ते कळत नाही, आणि तारा गप्प. मॅनेजरचा चेहरा जरा सैल झाला. मग वर आले. बाबा पट्टी ठोकतात, भिंगरी डोळे मिटते, तिच्या डोळ्यांपुढे शेजारची आजी, नोकरीवाला, साबण गेलेलं पोर. आणि हॉलमधले सगळे त्यांच्यापुढे मरगळलेले! फडकं उजव्या खांद्यावर. चढवा. अजून. अजून. गळ्यात. पुढचा. उजव्या खांद्यावर. अजून. गळ्यात. एकदाही डावा खांदा नाही. बाबांच्या कपाळावर घाम, पण हात पक्का. टोकाचा सा लागला तेव्हा भिंगरीला घरी आल्यासारखं वाटलं. तिनं फडकं गळ्यात टाकलं आणि वर त्याची गाठही मारली.

तेवढ्यात वाजवणाऱ्या बाई आल्या. वेळेच्या बऱ्याच आधी. साध्या, हातात पाण्याची बाटली, प्रवासानं दमलेल्या. "जरा हात फिरवते," म्हणाल्या, बसल्या, आणि खालपासून वरपर्यंत एक सरसर धाव घेतली. मधल्यापर्यंत लोण्यासारखं गेलं. टोकाला त्यांची बोटं मंदावली. परत गेल्या. मान तिरकी केली.

"वरचं थोडं चढलंय का हो?"

मॅनेजरचा हात खिशातल्या फोनकडे गेला. बाबांनी भिंगरीकडे बघितलं. बाबांच्या डोळ्यांत काय होतं सांगू, भरवसा होता. निव्वळ भरवसा.

"नाही!" भिंगरी ताडकन म्हणाली. "बरोबर आहे ते. नीट बघून लावलंय."

बाईंनी परत एकदा टोकाची पट्टी दाबली. खांदे उडवले. "असेल. प्रवासात कान बसलेत माझे. चालेल."

"चालेल म्हणाल्या ना?" मॅनेजरनं लगेच झेललं. "चालेल! छान!" फोन परत खिशात. बाबांनी पाचरी गोळा करायला घेतल्या. झालं! काम वाचलं! हॉल वाचला! भिंगरीनं खरं तर नाचत घरी जायचं होतं.

पण ती जागची हलेना. ते "चालेल" तिच्या कानात कुसळासारखं रुतलं. दुकानाची घंटी उतरलेली. भाचीचा बाजा उतरलेला. आईचा फोन, बँक, लिफ्ट, दातांचा डॉक्टर, सगळे उतरलेले. तो ॲपवाला खोटारडा. आणि आता या बाईंचे कान बसलेले. एवढे सगळे खांब एका दिवसात कसे वाकतील हो?

ती पियानोकडे वळली.

"बाई, एक मिनिट," ती म्हणाली, आणि मध्ये घुसून तिनं टोकाचा सा आणि त्याच्या खालचा सा, दोन्ही एकदम दाबले. तारांवर वाकली. आणि ऐकलं. भांडण! बारीक, घाईघाईचं, वाटाण्याची शेंग हलवावी तसं खुळखुळणारं, पण भांडणच. वर भांडण होतं. पहिल्यापासून होतं. तिनं कधी ऐकायचा प्रयत्नच केला नव्हता, कारण बाबांनी नसतं म्हणून सांगितलं होतं.

गप्प बसलं तर कुणालाच काही कळणार नव्हतं. बाई "चालेल" म्हणाल्या होत्या. बोललं तर मॅनेजरसमोर, बाईंसमोर, बाबांच्या आयुष्यभराच्या नावावर पाणी. भिंगरी, आपली भिंगरी, जिचा एक पाय कायम हवेत, ती तिथे खांबासारखी उभी राहिली. हॉलमध्ये कुणाला आश्चर्य वाटलं नाही, पण बाबा वळून बघायला लागले. त्यांनी तिला असं कधी बघितलंच नव्हतं.

"काय झालं गं?"

"बाबा, वरच्या भांडतायत."

"वर भांडण नसतं," बाबा सवयीनं म्हणाले.

"असतं, बाबा. मला येतंय ऐकू."

बाबांनी पाचरी खाली ठेवल्या. आले. तारांवर वाकून कान अगदी जवळ नेला. भिंगरीनं दोन्ही पट्ट्या दाबल्या.

"आत्ता?" त्यांनी विचारलं.

"हो."

"परत दाब. आत्ता भांडतायत?"

"हो, बाबा."

बाबा तसेच वाकून राहिले. सूर विरून गेला तरी वाकूनच. मग सरळ झाले आणि एकदम म्हणाले, "म्हणजे घरचासुद्धा."

"हो."

"आणि मी तुला त्याच्यावरच शिकवलं."

भिंगरीनं गळ्यातल्या फडक्याची गाठ सोडायला घेतली, ती सुटेना.

बाबा मॅनेजरकडे वळले. आवाज अगदी साधा, जसं कुणी गाडी चुकली सांगतं तसा. "साहेब, माझे वरचे कान गेलेत. मागची तक्रार खरी होती. आणि आत्ता बाई म्हणाल्या तेही खरं."

मॅनेजरच्या चेहऱ्यावर दया आणि घाबरगुंडी एकदमच. "अहो मास्तर... पण मग आता... मी त्याला फोन..."

"मला घाई नाही," बाई मध्येच म्हणाल्या. त्या भिंगरीकडे बघत होत्या. "इथे चहा कुठे मिळतो? मला एकटीला सापडायचा नाही. चला ना, दाखवा." आणि त्या मॅनेजरला जवळजवळ दंडाला धरूनच घेऊन गेल्या.

बाबांनी पाना उचलला आणि भिंगरीच्या हातात दिला.

"मी? हॉलचा? बाबा, तार तुटली तर!"

"तुटली तर नवी घालू. पण दमानं. असला थोडा दम तुझ्याकडे, तर आत्ता काढ."

मग दोघं बसले. बाबा पट्ट्या ठोकायचे, भिंगरी पिळायची. खुंटी जास्त फिरायची, आणि बाबा तिच्या मनगटावर हात ठेवायचे. "इथून नाही. खांद्यातून. सोडलीस की ती थोडी मागे येते, ते आधी धर. हे कानाचं नाही, हाताचं काम आहे. हे मला येतं अजून."

आणि खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, छळ, तो पुढेच होता. भांडण मंदावत जायचं, मंदावत जायचं, गप्प व्हायचं, आणि नेमकं तेव्हा भिंगरीचा तो घोकून घोकून तयार केलेला कान आतून किंचाळायचा, उतरला! उतरला! आजीचा चेहरा पडला, नोकरीवाल्याची छाती आत गेली. तिचा हात आपोआप परत चढवायला जायचा.

"थांबलं ना भांडण?" बाबा विचारायचे.

"थांबलं. पण चुकीचं वाटतंय, बाबा. फार चुकीचं वाटतंय."

"वाटू दे. भांडण थांबलं की हात काढायचा. मी शिकवलेल्यातलं एवढं एकच खरं होतं, तेवढं धर."

ती दात आवळून हात काढायची. एकेक करत टोकापर्यंत. शेवटचा सा जागेवर आला तेव्हा तिनं पाना बाबांच्या हातात कोंबला, परत चढवायचा मोह नको म्हणून.

बाई आल्या. बसल्या. खालपासून वरपर्यंत तीच सरसर धाव. भिंगरी स्टेजच्या पडद्याला धरून उभी, पाय परत नाचायला लागलेले. मधलं गेलं, वरचं आलं, तिला सगळंच्या सगळं उतरलेलं ऐकू येतंय, आणि आता बोटं थांबतील, आता मान तिरकी होईल... बोटं थांबली नाहीत. टोकाला जाऊन तशीच परत फिरली आणि बाई डोळे मिटून भलतंच काहीतरी वाजवायला लागल्या, आपण कुठे आहोत ते विसरून गेल्यासारख्या.

मॅनेजर पाय न वाजवता बाबांजवळ आला आणि एकदम बारीक आवाजात कुजबुजला, "मास्तर, पुढच्या वेळी चहा कितीजणांचा सांगू?"

"काय?" बाबा म्हणाले.

"दोघांचा," भिंगरी म्हणाली.

त्या रविवारी घरचा पियानो लावायला घेतला. पाना भिंगरीच्या हातात, बाबा पट्टीवर. आई दारात येऊन म्हणाली, "मग आता भिंतीकडे कुणी उभं राहायचं?" भिंगरीनं टोकाचा सा उतरवला. साबण गेलेलं पोर हळूहळू रडायचं थांबलं, आणि तिला इतकं वाईट वाटलं, की ती उठून जिन्यात एक चक्कर मारून आली, मग परत बसली.

दुकानाची घंटी? ती तिला अजून उतरलेलीच वाटते. दार उघडलं की अजून दात शिवशिवतात. काका नवा चष्मा देताना प्रत्येकाला सांगतात, थोडे दिवस डोकं दुखेल, काढून ठेवू नका. ती ऐकते, आणि पुढचं गिऱ्हाईक आत यायच्या आतच जाऊन दार उघडते, बंद करते, परत उघडते. टिंग टिंग टिंग टिंग.

"काय गं, आता दार बिघडलं का?" काका विचारतात.

"नाही," ती म्हणते, आणि परत उघडते.